एकोणपन्नास रुपयांचं मेक्सिको

आता त्या जागी चष्म्यांचं दुकान आहे.
डेक्कनला, कोपऱ्यावर.
तिरप्या उन्हात काचेवर अजून दिसतो
आमच्या पाटीच्या गोंदाचा चौकोन.
आत एक मुलगा फ्रेमा पुसत असतो
बरोब्बर तिथे, जिथे मी
दोन हजार चार साली, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला,
लाल टोपी घालून विचारायचे,
"सर, सोबत कोल्ड्रिंक?"

मेक्सिकन रोल. एकोणपन्नास रुपये, कर वेगळा.
मैद्याची पोळी, राजमा, मक्याचे दाणे,
ढोबळी मिरचीच्या तीन पट्ट्या,
चार घातल्या की लीना फर्नांडिस ओरडायची,
आणि एक सॉस,
ज्याला आम्ही नुसतंच "नारिंगी" म्हणायचो.
शनिवारी नारिंगी संपायचं.
मग मागे यासीन केचपमध्ये
कांदा, लिंबू, कोथिंबीर
आणि घरून आणलेलं तिखट कालवायचा,
आणि नेमकं त्याच दिवशी गिऱ्हाईक म्हणायचं,
आज कसं अगदी ओरिजिनल लागतंय!

हल्ली मुलगी मला बाणेरला नेते. पैसे मी देते.
साडेपाचशेला तीन टॅको,
एकेक हातरुमालाच्या घडीएवढा.
वेटर आधी पाच मिनिटं बोलतो, मग बशी ठेवतो.
अवोकाडो म्हणजे साखर विसरलेलं शिकरण,
हे माझं मत मी तिथेच सांगितलं.
"आई, हळू!"
चांगलं होतं. नाही कशाला म्हणू?
पण त्या चांगल्यात
माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं.

दर गुरुवारी साडेचारला खांबेटे सर यायचे.
भूगोलाचे. निवृत्त.
कराच्या पैशांसकट सुटे मोजून आणलेले.
"चीज नको. किती कमी होतील?"
काही नाही होणार, सर.
"मग असू दे चीज."
पहिल्याच गुरुवारी त्यांनी विचारलं होतं,
"मेक्सिकोत खरंच हे असं खातात?"
ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं: हो म्हणायचं, हसायचं.
मी हो म्हटलं. हसलेसुद्धा.

सव्वा वर्षानं रोल बंद झाला.
वरून कागद आला, चार ओळींचा.
शेवटचा मी सरांसाठी केला, पाच पट्ट्यांचा.
लीनानं पाहिलं, आणि पेले मोजत राहिली.

सरांनी ट्रेमधला कागद सपाट केला,
बोट नारिंगीत बुडवलं
आणि एक आडवी रेघ ओढली.
"हे पुणं. अक्षांश साडेअठरा.
हे मेक्सिको सिटी. एकोणीस आणि वर थोडं.
एकाच ओळीतली घरं आपली.
इथून नाकासमोर मावळतीकडे चालत सुटलीस
तर फार तर दारं चुकशील, गल्ली नाही.
तीस वर्षं शिकवलं मी मेक्सिको.
स्वतः बेळगावच्या पुढे गेलो नाही."
मग जरा थांबून,
"तिथे मक्याची करतात, पोरी. मैद्याची वर, उत्तरेला."

म्हणजे माहीत होतं त्यांना. पहिल्या गुरुवारपासून.
मग विचारलंत कशाला, सर?
बोट टिश्यूला पुसत म्हणाले,
"तू हो म्हणतेस का, बघायचं होतं."

परवा त्याच दुकानात नंबर तपासला.
जवळचा वाढलाय, लांबचं स्वच्छ दिसतं.
बाहेर आले तेव्हा सूर्य
थेट कर्वे रोडच्या तोंडावर उतरलेला.
रिक्षावाला म्हणाला, कुठे जायचंय?
मनात म्हटलं, सरळ.
नळ स्टॉप, चांदणी चौक, ताम्हिणी,
खाली कोकण, मग पाणी,
मग आफ्रिकेची रुंद वाळू, परत पाणी,
आणि मग एका काउंटरपाशी
सुटे मोजत उभे असतील कुणीतरी.

तोंडानं म्हटलं, पौड फाटा.
मीटरनं.