शेवटचे इंगळ

परभणीत पारा साडेपाचवर आला
हे पेपरात वाचलं,
तोही कालचा, कपडे बांधायला आणलेला.
अंगाला ते आधीच कळलं होतं.

हिटर अठराशेला आहे.
मी किंमत विचारली, नुसती विचारली,
दुकानदारानंही ती नुसती सांगितली.
घरमालकाच्या सबमीटरवर युनिटला बारा रुपये,
म्हणजे ऊबसुद्धा भाड्यानंच.

मग पत्रा आणि भिंतीमधल्या फटीत
सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, चेपून चेपून.
दाराखाली दिगांबरची फाटकी प्यांट,
दोन्ही पाय वाळूनं भरलेली;
शिवन्या तिला ‘झोपलेले पप्पा’ म्हणते,
पप्पा नाइटला जिनिंगवर असले की जास्तच.
आंघोळ दुपारी, उन्हात तापलेल्या काळ्या पिंपातून.
रात्री हुलग्याचं माडगं, ठेचलेला लसूण घालून.
वाटी दोन्ही हातांनी धरायची
आणि संपली तरी लगेच खाली ठेवायची नाही.

कडुलिंबाखाली माझी टपरी,
टपरीत सात किलोची पितळी इस्त्री.
दिवस मावळला की तिच्या पोटात जे इंगळ उरतात
ते मी रस्त्यावर ओतत नाही.
तशीच तिला घरी आणते,
वाकळ अंथरते, वरून फिरवते,
उशापासून पायथ्यापर्यंत.
टाक्याटाक्यातला गारठा वाफ होऊन उठतो.
“आता!” म्हणते, अन् शिवन्या उडी मारते.
ही ऊब दहा मिनिटं टिकते.
तिला झोपायला आठ पुरतात.

मग इस्त्री दाराबाहेर.
विस्तव घरात घेऊन झोपू नये.
मागच्या गल्लीत एका सकाळी
कवाड फोडावं लागलं होतं.

पांगरेकर सरांचा लोकरी कोट
दिवाळीपासून माझ्याकडं पडून होता.
परवा पोरीचा खोकला थांबेना.
दोनदा पिशवीला हात लावून मागं घेतला,
तिसऱ्यांदा कोट काढला.
अस्तर गुळगुळीत, गारेगार;
आधी तिनं अंग चोरलं,
मग एकेक बोट सैल सोडलं.
मी तिचे दोन्ही पाय एका बाहीत घातले.
रात्रभर बघत बसले,
तोंडातून लाळ तर गळत नाही ना कॉलरवर.

सकाळी झटकला, एक लांब केस वेचला,
ओलं फडकं टाकून दाबला
(लोकरीला थेट धग सोसत नाही)
आणि अजून हँगरला लावतच होते
तर सर टपरीपुढं उभे.
पुण्याला निघालेत, भाच्याचं लग्न.
तिथंच अंगात चढवला,
खिशात हात घालून म्हणाले,
“वा, गरम आहे की अजून!”
“आत्ताच केला, सर,” मी म्हणाले.

पंधरा झाले होते.
त्यांनी वीसची नोट दिली, म्हणाले, राहू द्या.
मी पाच रुपये शोधून
त्यांच्या हातावर ठेवले.