स्थानिक नाव

उन्हाळी प्रदर्शनाच्या पाट्या मी लिहिते, चोवीस वर्षं.
मराठी ओळ इंग्रजीच्या खाली, तिच्या अर्ध्या आकारात,
तरी मावत नाही. तुमची जोडाक्षरं फार जागा खातात बाई,
छापखान्याचे मेमन दर एप्रिलला म्हणतात.

यंदा विषय किनारा.
दोन मे ते एकतीस मे, सोमवारी बंद.
दहाला मातीत ठसे: बिबळ्या, मुंगूस, तरस.
साडेअकराला 'हात लावून पाहा'चं टेबल:
सापाची कात, साळिंदराचा काटा,
आणि देवमाशाचा एक मणका,
ज्यावर कांबळी चहाचा ग्लास टेकवतो
अन् दस्तूर मॅडम जिन्यात दिसल्या की उचलतो.

एसी फक्त पक्ष्यांच्या दालनात,
म्हणून दुपारी सगळे पालक
माळढोकापुढे उभे, भलतेच अभ्यासू.

बरणी क्रमांक चारशे सतरा पक्ष्यांकडे नाही,
ती जिन्याखाली, पंख्याच्या वाऱ्याच्या जरा पलीकडे.
तीन बोटं लांबीचा मासा.
रंग स्पिरिटने केव्हाच पिऊन टाकलेला,
डोळा शिजलेल्या साबुदाण्यासारखा.
सापडला: शिवडीच्या चिखलात, एकोणीसशे अकरा.
शास्त्रीय नाव: दीड ओळ,
त्यात साहेबाने आपला मेहुणा बसवलेला.
स्थानिक नाव: माहीत नाही.

हे मीच लिहिलं होतं. सुवाच्य.

गळ्यात ओळखपत्र, हातावर वाळलेली ठशांची माती,
प्रचिती नाखवा, वय नऊ, वरळी कोळीवाडा,
काचेला नाक लावून म्हणाली,
हे चूक आहे.

काय चूक?
माहीत नाही, हे.

मी पेन्सिल काढली. माझा हात, खोटं कशाला सांगू,
थोडा थरथरला. एकशे काही वर्षं
रिकामा राहिलेला रकाना.
सांग, काय म्हणता तुम्ही याला?

काहीच नाही. खात नाही ना कोण.
जाळ्यात येतो रोज, पिशव्यांबरोबर, चपलांबरोबर.
आई परत टाकते.

नाव ठेवलं नाही कुणी?
नावं ठेवतात, ती म्हणाली,
आणि स्वतःच हसली, मला वेळ लागला.

टाकताना काही म्हणत असेल ना आई?
म्हणते की.
मेल्या, परत आलास?

बरणीतला तो हलला नाही.
बाकी जिन्याखाली सगळं होतं तसंच,
पंखा, कोकम सरबताचे कागदी पेले,
वर कुठेतरी तरसाच्या ठशावरून दोन मुलांचं भांडण.

दस्तूर मॅडमनी चष्मा वर केला.
हे नाव नाय, ही शिवी हाय.
मॅडम, हाक आहे, मी म्हटलं.
पुरावा?
फॉर्म आहे त्याला. माहिती देणाराचं नाव:
प्रचितीने ठळक अक्षरात लिहिलं, आई.
पुढचा रकाना पत्ता. तिने लिहिलं, होडीत.
समिती ऑगस्टमध्ये बसते. फॉर्म फायलीत बसला.

मी तेवढ्यात पाटीच्या मागे,
जिथे मेमनही बघणार नाहीत,
पेन्सिलीने, इंग्रजीपेक्षा मोठ्या आकारात:
मेल्या. वरळीकडे. परत टाकताना.

एकतीस मे. संध्याकाळी सहा.
उद्यापासून बंदी, तिकडे होड्या ओढून घेत असतील,
इकडे बरण्या तळघरात.
कांबळी ढकलगाडी घेऊन आला,
माळढोकाला मलमलीची चादर घालून झाली होती.
उंबऱ्यावर चाक अडखळलं.
चारशे सतरा कलंडली, स्पिरिट गळ्यापर्यंत आलं,
मासा वळला, पहिल्यांदाच
दुसऱ्या बाजूने दिसला.

कांबळीने छातीशी धरली बरणी.
पाटी त्याने वाचलेली नाही, मागची तर नाहीच.
मेल्या, तो म्हणाला,
आता पडला असतास.