पार्श्वभूमी : प्रत्येकी दोन ओळी

पुण्याहून महोत्सवाचा फॉर्म आलाय.
नाव, वाद्य, गुरू, घराणं,
सांगीतिक पार्श्वभूमी : प्रत्येकी दोन ओळी.
पंख्याने उडू नये म्हणून चहाच्या ग्लासाखाली दाबलाय
आणि मी भरायला बसलेय
सावद्याच्या या केळी पिकवायच्या कोठीत.
भिंती इतक्या जाड
की आत आम्ही सहा जणांनी कितीही बडवलं
तरी गल्लीतलं कुत्रं कान हलवत नाही.
भाडं स्वस्त. वास मात्र गेलेला नाही,
माझ्या तबल्याच्या शाईलाही पिकल्या केळीचा वास येतो.

जामसिंग पावरा, धडगावच्या वरचा. ढोल.
गुरू विचारला तर म्हणाला, होळी.
माणूस सांग, म्हटलं.
बराच वेळ गप्प.
मग : रात्रभर वाजवायचं असतं.
पहाटे ज्याचा हात उरतो
त्याच्याकडून पोरं शिकतात.
दरवर्षी हात वेगळा.

हे दोन ओळींत बसत नाही.

हुरमत तडवी, यावल. साइड ड्रम.
नवव्या वर्षी बापाच्या बँडमध्ये, लाल कोट गुडघ्यापर्यंत.
अजूनही कुठल्याही तालात
तो थोडी जागा राखून ठेवतो :
घोडं अडेल,
नवरदेवाचा मामा मध्येच नाचायला थांबेल.

नथ्थू बडगुजर, अमळनेरकडचा. वहीचा डफ.
"मना गुरू ऊन शे. तेच डफ तापाडस."
मी लिहिलं, परंपरागत.

ऑब्रे डिमेलो, भुसावळ.
रेल्वे इन्स्टिट्यूटमधले नाच बंद पडले
तेव्हा मामाचा ड्रमसेट चादरीखाली गेला, बारा वर्षं.
हा त्या चादरीवरूनच बोटं वाजवत वाढला.
हात मऊ आहे, लोकांना वाटतं परदेशात शिकलाय.

मंदाकिनी गुरव, पारोळा. देवळातला चौघडा.
म्हणजे वाजवायचा भाऊ,
ही खाली पायरीवर बसून त्याला मात्रा मोजून द्यायची.
भाऊ दुबईत एसी दुरुस्त करतो आता.
मोजणं हिच्याकडे राहिलं.

मग मी.
बाप भुसावळच्या यार्डात चाकं ठोकायचा.
लांब दांड्याची हातोडी, एकेका चाकाला एक टोला,
आणि कान.
धड चाक गातं, म्हणायचा, तडा गेलेलं नुसतं बोलतं.
आठेक वर्षांची असताना एकदा रात्रपाळीला नेलं.
बेचाळीस वाघिणी.
मध्येच थांबला, चार पावलं मागे आला,
पुन्हा ठोकलं.
ऐकलंस?
हो, म्हणाले.

मी काहीच ऐकलं नव्हतं.

गुरूच्या रकान्यात काय लिहू?
पेनचं टोपण दातात.
तिकडे जामसिंग ढोलाला लेप लावून
एक थाप मारून बघतो, सहज, कुणासाठी नाही.
बाकीचे चहात.

थांब, म्हणते मी,
परत मार.