पालटायचा राहिलेला पुडा

दक्षिणेला, सागाच्या शेंड्यांना टेकून
मित्र तारा. त्याच्या सोबतीला एक बारका तांबडा,
नुसत्या डोळ्यांना न दिसणारा.
त्याचा ग्रह : प्रॉक्सिमा बी.
फळीमुनशीच्या मोबाइलवर जयवंतानं वाचलं,
वर्ष अकरा दिवसांचं,
बहुतेक एकच बाजू कायम उन्हाकडे.

"म्हंजे पुडा कोनं पालटलाच नाही."
दिवसभर तेंदूचे पुडे पालटून
हात काळे झालेले; तिलाच सुचणार.

मग रात्रभर आम्ही तिथं वस्ती केली.
भाजक्या अर्ध्यात माणूस नाही,
राखेचे डोंगर, त्यांना मोहाचा वास.
गोठल्या अर्ध्यात नदी,
बर्फाला आतून टकटक करणारे आंधळे मासे.
मधल्या चिंचोळ्या पट्टीत गाव.
कायम दिवेलागण.

"ढोरं घरी कधी येतात मग?"
"येतच राह्यतात."

हिशेबात ती पक्की :
तिथं ती साडेचारशे वर्षांची,
मुनशी सतराशेचा,
तरी पुडे मोजताना चुकतोच.

फटफटलं.
एका पुड्यापाशी तिचा हात अडला.
कडेकडेनं मुंग्या निघालेल्या.
"काऊन थांबली वं?" मुनशी ओरडला.

"ढोरं जाऊ दे."