बाकी

सुरुलेरेतला तोच भाड्याचा बंगला,
तोच सोफा, सोनेरी पायांचा.
त्यावर आजवर अकरा विधवा रडल्या,
तीन पाद्री विष पिऊन मेले,
आणि या खेपेला बसणार होता
कुणाचेच पैसे न देणारा निर्माता.

गोष्ट तारीएबीची, दिग्दर्शनही तिचंच.
सात वर्षं या धंद्यात जे गिळलं
ते तिनं एका वहीत ओकलं होतं:
रातोरात बदलायला लावलेले शेवट,
पोस्टरवरचे चार चेहरे
ज्यातले दोन सिनेमात नसतातच,
आणि भाग एक, भाग दोन, भाग तीन,
पोह्यांत पाणी घालून वाढवावेत तसे.

पैसा मात्र चीफ ओबिएफुनांचा.
इदुमोटा बाजारात दुकान, छताला टेकलेल्या सीड्या.
आम्हाला वाटलं, ऐकून हाकलतील.
त्यांनी मांडीवर थाप मारली.
"हा हरामखोर कोण करणार? मीच करतो.
अजून जरा नीच करा त्याला.
नीच खपतो."

मी आवाजवाला, अकिन्वुन्मी.
माझं काम कान देणं,
आणि प्रत्येक टेकआधी पोरगं धाडणं
गल्लीभर, घरटी थोडे नायरा घेऊन:
मावशी, चार मिनिटं जनरेटर बंद ठेवा.
मग लागोसमध्ये कधी नसते तेवढी शांतता.
न्कोयोच्या बांगडीचं खरचटणंसुद्धा टेपवर येतं.

वाक्य एवढंच होतं:
"सिनेमा बाजारात येऊ दे, मग बघू तुझ्या पैशाचं."
न्कोयोनं हात पुढे केला.
चीफनी तोंड उघडलं,
आणि पाटी कोरी.

जे वाक्य हा माणूस
सकाळी दात घासताना म्हणत असेल
ते त्याला येईना.
तिसऱ्या टेकला प्रवचनासारखं म्हणाले,
सहाव्याला "तुझ्या"ऐवजी "माझ्या" म्हणाले,
नवव्याला घामानं पावडर ओघळून
पांढऱ्या झग्यावर तपकिरी नकाशा झाला.
तारीएबी म्हणाली, जेवून घेऊ.

गल्लीतले जनरेटर पुन्हा धडधडले.
चीफ मोरीच्या दारात फोनवर.
छातीवरचा माईक काढायला मी विसरलो.
विसरलोच म्हणा.
"अरे बाळा, सिनेमा बाजारात येऊ दे,
मग बघू तुझ्या पैशाचं.
आई बरी आहे ना?"

आईचं वहीत नव्हतं.
तारीएबीनं हेडफोन लावून तीनदा ऐकलं,
हसली नाही.
पडद्यावर तेवढ्यापुरती चीफची पाठ दिसते
आणि वाक्य ऐकू येतं, त्याच्याखाली घरघर.
सगळ्या सिनेमात घरघर तेवढीच.
मी पुसली नाही.

सीडी निघाली. बाजारात, सलूनमध्ये,
टायरवाल्याच्या टपरीत, जिथं टीव्ही तिथं गर्दी.
अकारा तळणारी बाई पदराच्या टोकानं डोळे पुसत म्हणाली,
"काय नट आहे मेला! असंच बोलतात हो ते."
पोरं चीफच्या गाडीमागं धावत ओरडायची,
आई बरी आहे ना?
चीफ काच खाली करून हात हलवायचे.
दुसऱ्या भागाचं पोस्टर
पहिला भाग विकला जात असतानाच लागलं.

पाचव्या महिन्यात मी गेलो. बाकीचे मागायला.
दुकानात चार गिऱ्हाइकं होती.
चीफ उठले. झगा सावरला.
माझ्याकडे नाही, माझ्या थोडं वर पाहिलं.
"दुसरा भाग बाजारात येऊ दे,"
इथं थांबले,
"मग बघू तुझ्या पैशाचं."
गिऱ्हाइकं हसायला लागली होती.
हशा ओसरू दिला. मग:
"आई बरी आहे ना?"

माझी आई गेली त्याला दोन वर्षं झाली.
तेव्हा तांदळाचं पोतं पाठवलं होतं
यानंच.

मी सवयीनं कान दिला.
बाजारात वीज आली होती.
एकही जनरेटर चालू नव्हता.