कात्रीतली सम

बाळामामा लेस्टरला बिस्किटांच्या कारखान्यात होता.
खालच्या मजल्यावर तीन पोरं रात्रभर ठोकत बसायची.
मामाने आधी झाडूच्या दांड्याने जमीन बडवली,
नंतर, म्हणे, तोही ठेक्यातच बडवू लागला.
त्यांची पहिली तबकडी अशी आली
दांडिया बाजारात, स्वेटरमध्ये गुंडाळून.

मोहोनीकर मास्तरांनी एकदाच ऐकली,
डग्ग्यावर कोपर टेकून.
"कुणा जुन्या ढोलवाल्याची दोन आवर्तनं
कापून जोडलीत, पुन्हा पुन्हा.
सम मात्र दर वेळी कात्रीतच राहते."
मग म्हणाले, "परत लाव."

दुसरी मामाने पैसे देऊन घेतली.
तिसरीत गाणारी बाई आली, मोठी कंपनी आली,
मास्तर म्हणाले, "संपले."
चौथी निघालीच नाही.
एक जण बॉयलर दुरुस्त करतो, एक वारला,
तिसऱ्याचा पत्ता मामालाही ठाऊक नाही.

काल सूरसागरच्या काठी, सेवउसळीच्या गाडीपाशी,
एका रिक्षात वाजत होता तोच तुकडा,
त्यांच्यातूनही कुणी कापलेला,
वर गरब्याची टाळी.
मी हातातली बशी विसरून
बोटांवर मात्रा मोजत राहिलो.
सिग्नल सुटला.
रिक्षा गेली समेच्या अर्धी मात्रा आधी.