सेशेल्सला जाताना

खडेबाजारात जिन्याखाली बसणारा एजंट
सत्यव्वाला समजावतो:
व्हिसा लागत नाही बगा, पण फॉर्म भरायलाच पायजे.
कुंदा चालतोय, डबा सीलबंद असू दे.
मिरचीचं बी काढा. हे कढीपत्त्याचं रोपपण.
बेट लहान, एक कीड पुरते त्याला.
चौकोनी पिन घ्या, डासांचं मलम.
समुद्रात चप्पल घालून उतरा, तळाचं पोवळं पाय कापतंय.

जन्मगाव?

दाखल्यावर बेलगाम, पासपोर्टावर बेळगावी,
तिच्या तोंडात बेळगाव.
तो चष्मा पुसतो.
विचारलं तर तिन्ही एकच म्हणून सांगा.

कुठल्या भाषेत सांगू?

तिथं हे कुणी विचारत नाही वो.

ती रोप त्याच्या टेबलावर ठेवते,
रबरी शिक्क्यांच्या शेजारी.
एक दिवसाआड पाणी, म्हणते.
आणि ताक उरलं तर ताक.